भिकुबाईचं आमेन

पुष्पाबाईच्या रोज दोन प्रार्थना व्हायच्या. एक पहाटे फोनवर, डोक्यावर पदर घेऊन, गोड आवाजात. दुसरी दिवसभर, उडदाच्या पापडाचं पीठ कुटताना, दात खाऊन. पहिली सगळी मंडळी ऐकायची. दुसरी एकटा देव ऐकायचा, आणि ऐकून त्याची झोप उडत असेल तर उडू दे, असं तिचं म्हणणं होतं.

बाई धुळ्यात देवपुरात राहायची. पुढे अंगण, मध्ये एक खोली, मागे एक खोली. अंगणात शहाबादी फरशीवर मोठा पाटा आणि त्याच्याशेजारी लोखंडी मुसळ. माहेर शिंदखेड्याचं, तेव्हा राग आला की तोंडातून अहिराणीच निघायची. नवरा रुपचंद वारला होता. जिवंतपणी त्यानं हिला इतकं बडवलं होतं की गल्लीतली कुत्रीसुद्धा त्याची चाहूल लागली की भिंतीकडेनं जायची. शेवटी शेवटी त्याला प्रभू भेटला. खरोखर भेटला, खोटं कशाला बोला. दारू सुटली, हात खाली आला. पण प्रभूनं रुपचंदला धरलं तोवर हिचे पुढचे दोन दात गेलेले होते. पुष्पाबाई देवाचे आभार मानायची आणि त्याच दमात विचारायची, "एवढा उशीर का केलास रे बापा?"

म्हणून सारिका दारात उभी राहिली तेव्हा पुष्पाबाईला काही विचारावं लागलं नाही. मार ओळखायला तिला डॉक्टर लागत नव्हता.

सारिका तिच्या मेलेल्या बहिणीची मुलगी. रावेरला दिलेली. नवरा हितेंद्र केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम, अंगावर केळीच्या चिकाचे काळे डाग आणि कमरेला विळा. पोरीचा एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, आणि केस मानेपाशी वेडेवाकडे कापलेले. विळ्यानंच कापले होते त्यानं. कारण काय, तर भाजीत मीठ जास्त. मग पॅकिंगच्या शेडमध्ये नेऊन, जिथं तुरटीच्या पाण्यात केळी धुतात ना, त्या टाकीत तिचं डोकं दाबून धरलं. शेडवरच्या बायका बघत राहिल्या. एकीनं फक्त पंप बंद केला.

"मावशी, तो येईल," सारिका म्हणाली.

"येऊ दे ना," पुष्पाबाई म्हणाली. "मी बी तेन्हीच वाट दखी ऱ्हायनी." बोलली खरी, पण पोरीला मागच्या खोलीत घातलं, खिडकीला चादर लावली आणि गल्लीत कुणाला सांगितलं नाही. पोलिसांकडे सारिका रावेरला एकदा जाऊन आली होती. तिथं दोघांना समोरासमोर बसवून चहा पाजला आणि समजूत घालून परत पाठवलं. त्या चहाची किंमत तिनं घरी जाऊन मोजली होती.

तेव्हापासून मुसळाखालची प्रार्थना बदलली. आधी ती गुडघेदुखी, पापडाच्या ऑर्डरी असलं काहीबाही मागायची. आता उंडा पाट्यावर ठेवायची, तेलाचा हात फिरवायची, मुसळ उचलायची आणि एकेका घावाला म्हणायची, "हान, बापा. तेन्हा टाळकामा हान. तेन्हा हात झडू दे. हान." पीठ असं मऊ निघायचं की गिऱ्हाइकं म्हणायची, पुष्पाअक्का, यंदाचे पापड काय फुलतात हो!

फोनवरची प्रार्थना चालवायचे ज्ञानेश्वरभाऊ. शिंदखेड्याला त्यांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. पहाटे ते एकेकाला फोन लावून सगळ्यांना एका लाइनीवर जोडायचे. मग प्रत्येकानं आपापला विषय सांगायचा. विषय म्हणजे कशासाठी प्रार्थना हवी ते. भाऊंचा नियम कडक होता: विषय नाव-गावासकट सांगायचा. "पत्त्याशिवाय पार्सल जात नाही, तर प्रार्थना कशी जाईल?" देवाला सगळं ठाऊक असतं हे तेच रविवारी सांगायचे, पण ते रविवारचं झालं. मंडळीला नियम पटला होता, पुष्पाबाईला तर फारच. रुपचंद सुधरला तो तिनं पहिल्यांदा नाव-गाव सांगून मागितल्यावरच, अशी तिची पक्की समजूत होती.

एकदा भाऊ धुळ्याला आले असता तिला म्हणाले, "अक्का, आपल्याला वैऱ्यासाठीसुद्धा प्रार्थना करायला सांगितलंय."

"करते ना भाऊ. रोज करते. काय मागते ते तेवढं विचारू नका."

पण फोनवर ती सारिकाचं नाव घेत नव्हती. "एक भाची, तिच्यावर संकट" एवढंच म्हणायची. आणि तेच तिला खात होतं. पोरगी झोपेत दचकायची, श्वास कोंडल्यासारखी हात झाडायची, पाणी पाणी करायची आणि पाणी पुढे केलं की पेल्याकडे बघून किंचाळायची. पुष्पाबाईला वाटायचं, आपण पत्ताच घातला नाही, मग गुण येणार कुठून? भीती एका बाजूला, विश्वास एका बाजूला, आणि मधे ही बाई. असं माणसाचं होतं बघा, ज्या काठीनं एकदा साप मारला ती काठी हातातून सुटत नाही.

गुड फ्रायडेच्या आधीचे उपासाचे दिवस सुरू झाले होते. त्या पहाटे सारिका फार ओरडली. तिला थोपटता थोपटता फोन उचलायला उशीर झाला. लाइनीवर गेली तेव्हा गाणं संपत आलं होतं आणि भाऊ म्हणत होते, "पुष्पाअक्का, बोला, तुमचा विषय."

पुष्पाबाईनं पदर घेतला, डोळे मिटले, आणि सगळं सांगून टाकलं. "बापा, माझी भाची सारिका. रावेरच्या हितेंद्राची बायको. त्यानं तिला मारून मारून अर्धमेली केली. ती आता धुळ्यात आहे, देवपुरात, माझ्या घरी, मागच्या खोलीत. तिला सांभाळ, बापा. तिला झोप दे."

सांगितलं आणि छातीवरचा दगड उतरला. फोनमधून आमेन, आमेन असे आवाज आले. मागे कुणाचा तरी कुकर शिट्टी देत होता, कोंबडा आरवत होता. आणि त्या सगळ्यांच्या मागून एक लांबलचक आमेन आलं, "आऽऽऽमेन", वरून सुरू झालेलं आणि खाली येता येता दम्यानं घरघरलेलं. कुणीतरी मनापासून म्हटलं, असं वाटून पुष्पाबाईला भरून आलं. तिनं चहा टाकला, सारिकाला बशीत ओतून दिला. बशीतला चहा पोरगी प्यायची, पेल्यातला नाही.

ऊन चढल्यावर ती पीठ कुटायला बसली. हान, बापा. हान. चार-दोन घाव झाले आणि मुसळ हवेतच थांबलं. ते लांब आमेन कानात परत वाजलं होतं. हे आमेन आपण आधी ऐकलंय. कुठं? भुसावळच्या मेळाव्यात, मांडवात. सारिकाचं लग्न तिथंच जमलं होतं. शेजारी बसून आमेन म्हणणारी ती म्हातारी, तीच पुढे विहीण झाली. भिकुबाई. हितेंद्राची आई.

तेलकट हातांनीच पुष्पाबाईनं भाऊंना फोन लावला.

"भाऊ, सकाळी लाइनीवर रावेर होतं का?"

"होतं ना अक्का! उपासाच्या दिवसांत शिंदखेडा, धुळे, रावेर, तिन्ही गावं एकत्र. सुरुवातीलाच सांगितलं मी. का हो?"

सुरुवातीला! सुरुवातीला ही पोरीला थोपटत बसली होती. तिनं फोन आपटला आणि ओरडली, "सारिका, ऊठ! चप्पल घाल! समोर प्रकाशचंदशेठच्या घरी जा, माडीवर जा, मी बोलावल्याशिवाय खाली यायचं नाही!"

सारिका उठली, पण चप्पल सापडेना. भीतीनं माणूस आंधळं होतं. चप्पल पायाशीच होती. तेवढ्यात दारात पिकअप थांबली.

पुष्पाबाईनं मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि अंगणात येऊन उभी राहिली. आधी उतरली भिकुबाई. नवं लुगडं, हातात केळीची फणी, तोंडभर हसू. मागून हितेंद्र, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, हात रिकामे.

"प्रेज द लॉर्ड, पुष्पा!" भिकुबाईनं तिला मिठीच मारली. "पाह्य, प्रभूनं कसा रस्ता काढला! मी रोज म्हनो, बापा, सून कुठी गेली ते दाखव. आज सकाळी तुह्याच तोंडून दाखवलं. मी लगेच याले उठवलं. म्हनलं, चाल, माफी माग, घेऊन येऊ तिले."

म्हातारीच्या डोळ्यांत खरंखुरं पाणी होतं. चीड यावी तर कुणाची यावी!

"ती नाहीये इथं," पुष्पाबाई म्हणाली. "काल गेली."

"खोटं नको बोलू व. सकाळी तूच देवाले सांगितलं."

हितेंद्र पुढे आला, खाली वाकला, तिच्या पायांना हात लावला. "मावशी, चुकलो मी. दारू सोडली. आईची शपथ." तोंडाला वास नव्हता, हेही खरं. पण वाकताना शर्ट पाठीवर ताणला गेला आणि खाली काहीतरी वाकडं, टणक दिसलं. दिसलं आणि मन म्हणालं, पट्टा असेल. असं मन असतं, ऐन वेळेला दगा देणारं.

"आधी प्रार्थना करू," भिकुबाई म्हणाली. "मग तिले बोलव. देवासमोर सगळं सरळ होते." आणि तिनं पुष्पाबाईचा हात धरला, मान खाली घातली, सुरू केलं. "हे स्वर्गातल्या बापा..."

आणि पुष्पाबाईनं डोळे मिटले.

अगं बाई, वैरी दारात आणि तू डोळे मिटतेस? पण वीस वर्षांची सवय! "हे बापा" असं कुणी म्हटलं की पापण्या आपोआप खाली यायच्या. रस्त्यात, रिक्षात, दवाखान्यात. तिनं मिटले नाहीत, ते मिटले. भिकुबाई मागत होती, माझ्या लेकराचं मन बदल, त्याच्या घरात शांती दे, आणि पुष्पाबाईला त्या आवाजात क्षणभर खरंच शांत वाटलं.

मग तिला तेलाचा वास जाणवेनासा झाला. हितेंद्राच्या डोक्याला लावलेल्या खोबरेलाचा. तिनं डोळे उघडले. समोर भिकुबाई डोळे मिटून मागतेय, आणि हितेंद्र नाही. आतून सारिकाची किंकाळी आली.

मागच्या खोलीत त्यानं सारिकाला उरलेल्या केसांना धरून भिंतीवर आपटलं होतं. एकदा, दोनदा. दुसऱ्या हातात विळा. "पळतीस? मले सोडून पळतीस? साऱ्या खान्देशात माही बदनामी करतीस? देवाले सांगतीस?" प्रत्येक शब्दाला भिंत दणाणत होती. सारिकानं विळा दोन्ही हातांनी पकडला. पात्याकडूनच. रक्त मनगटांवरून कोपरापर्यंत आलं तरी तिनं सोडला नाही.

पुष्पाबाई अंगणात धावली. मुसळ उचललं.

तिच्या आधी भिकुबाई आत शिरली होती. म्हातारी दोघांच्या मध्ये घुसली आणि पोराच्या छातीवर बुक्क्या मारू लागली. "हित्या! सोड! देवाची शपथ घातली होती ना रे तुले!" हितेंद्रानं विळा हिसडून काढला आणि तसाच मागे न बघता फिरवला. घड तोडतात तसा. म्हातारीचा खांदा गळ्यापासून दंडापर्यंत उघडा पडला. नवं लुगडं रक्तानं भिजलं. ती खाली बसली, ओरडली नाही, नुसती पोराकडे बघत राहिली.

हितेंद्रही थांबला, एक पळभर. त्या पळभरात पुष्पाबाईचं मुसळ त्याच्या मनगटावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज पापड मोडल्यासारखा आला. विळा पडला. तिनं पायानं तो खाटेखाली ढकलला आणि दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तो कोसळला. शिव्या देत, सरपटत, तो मोडक्या हातानं तिचा पाय धरू बघत होता. तिनं मुसळ दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं. खाली त्याचं टाळकं होतं, तेल लावलेलं, भांग पाडलेलं. हान, बापा, असं तिनं इतके दिवस म्हटलं होतं. आता बापानं ते तिच्याच हातात दिलं होतं.

"मार," कुणीतरी म्हणालं.

भिकुबाई. भिंतीला टेकलेली, खांद्यावर हात दाबलेला, बोटांतून रक्त गळतंय. "मार त्याले, पुष्पा. मार." आणि शेवटच्या शब्दाला छातीत तीच घरघर.

पुष्पाबाईला माया आली असं म्हणाल तर साफ खोटं. तिला त्या वेळीही तो मेलेला हवा होता. पण ती त्या आवाजाला भ्यायली. सकाळी हाच आवाज आमेन म्हणाला आणि दुपारपर्यंत हे होऊन बसलं. आता हा मार म्हणतोय, तो किती लांब जाईल? आणि उद्या ही म्हातारी कुठल्या तोंडानं जगेल? मुसळ तर खाली येणारच होतं, इतकं वर गेलेलं ते थांबत नसतं. तिनं ते सगळ्या अंगानिशी त्याच्या कानाजवळ फरशीवर आणलं. शहाबादी फरशी आरपार तडकली. हितेंद्राच्या तोंडावर कपच्या उडाल्या आणि त्याचं धोतरासारखं पांढरं तोंड बघून सारिका हसली. रडत रडत हसली, न थांबता.

मग पुष्पाबाई त्याच्या छातीवर बसली, मुसळ त्याच्या गळ्यावर आडवं धरून. "हाल," ती म्हणाली. "जरा हाल ना. हालीसन दखाड." तो हलला नाही. प्रकाशचंदशेठ दुकानातला सुतळीचा गुंडा घेऊन धावत आले, गल्ली आली, शेवटी पोलीसही आले. या वेळी चहा कुणी विचारला नाही.

सारिकाच्या तळहातांना टाके पडले. डॉक्टर म्हणाले, दोन बोटं पूर्वीसारखी वळणार नाहीत. भिकुबाईचा खांदा शिवायला फार वेळ लागला. सरकारी दवाखान्यात दोघींना शेजारशेजारच्या खाटा मिळाल्या. सून सासूकडे पाठ करून झोपायची. सासू रात्रंदिवस त्या पाठीकडे बघायची आणि एक शब्द बोलायची नाही. पुष्पाबाई मधल्या स्टुलावर. तिला कुणाशीच बोलायचं नव्हतं, देवाशी तर मुळीच नाही. पहाटेचा फोन तिनं उचलायचा सोडून दिला. ज्ञानेश्वरभाऊ भेटायला येऊन गेले, दारातच रडले. नियमाचं काही बोलले नाहीत.

मग एका पहाटे फोन वाजत राहिला तेव्हा भिकुबाई पहिल्यांदा बोलली. "उचल व."

पुष्पाबाईनं उचलला आणि खाटेच्या कडेला ठेवला. गाणं झालं. कुणाच्या तरी सुनेचं बाळंतपण, कुणाच्या बैलाचा पाय. मग भाऊंचा आवाज, घाबरत घाबरत. "भिकुबाई आहेत का लाइनीवर? काही विषय आहे का, अक्का?"

म्हातारीचा विषय रावेरच्या मंडळीला पाठ होता. वर्षानुवर्षं एकच: माझा हितेंद्र, मुक्काम रावेर, वाट चुकलाय, त्याला घरी आण. तिनं तोंड उघडलं, ओठ हलले, पण शब्द फुटेना. सारिकानं कूस बदलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं सासूकडे तोंड केलं, आणि डोळे उघडे ठेवून बघत राहिली.

पुष्पाबाईनं फोन उचलला. पदर घेतला नाही. डोळे मिटले नाहीत.

"हितेंद्र," ती म्हणाली. "मुक्काम धुळे जेल." तिचा आवाज गोड नव्हता, पीठ कुटतानाचाच होता. "बापा, त्याला तिथंच ठेव."

फोनमधून एकही आमेन आलं नाही. मग खाटेवरून, जवळून, ते आलं. वरून सुरू झालेलं, खाली येता येता घरघरलेलं, लांब, अगदी शेवटपर्यंत पूर्ण म्हटलेलं.

"आऽऽऽमेन."